वास संपेपर्यंत

कारखान्यात सगळे त्यांना नाकवाले म्हणायचे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक शेड, दोन भट्ट्या आणि अंगणात केळीच्या खुंटांच्या चोथ्याचे ढीग. धागे काढून लोक जो चोथा फेकून देतात, तो इथे वाळवायचा, भट्टीत ठासून भरायचा आणि हवा न लागू देता भाजायचा. मग मातीत मिसळायचा कोळसा तयार. भट्टी कधी बंद करायची ते नाकवाले ठरवत. धुराड्याशी उभं राहायचं आणि तो डांबरट वास पुरता संपला की म्हणायचं, "झालं." मुलीने तापमापक आणायचा विषय दोनदा काढला, तेव्हा माझं नाक काय भाड्याने दिलंय, म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं होतं.

चार महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते नाक गेलं. कांदा, साबण, धूर, कशालाच वास नाही. आज ना उद्या येईल, म्हणून त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पंचाईत अशी, की वास न येणं हीच कोळसा झाल्याची खूण. त्यांना भट्टी पेटल्यापासूनच झालेली वाटायची. शेवटी ते घड्याळ बघून अंदाजपंचे "झालं" म्हणायला लागले.

आज सकाळी रोपवाटिकेतली बाई माना टाकलेल्या रोपांचे ट्रे घेऊन आली. भांडली नाही. यापुढे तुमचा कोळसा नको, एवढंच सांगून गेली. मुलीने पोतं उघडून मूठभर कोळसा हुंगला आणि तिचं तोंड वाकडं झालं. कच्चा होता. बाबांचं नाक चुकणं शक्य नाही, म्हणजे चोथाच ओला, असा हिशेब करून ती तडक वाळवणाकडे गेली.

वाळवण आत्याकडे होतं. आत्या म्हणजे नाकवाल्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राहायची आणि आपण फुकटचं खात नाही, हे या कामाच्या जोरावर ताठ मानेने सांगायची. तू आता घरी बस, उद्यापासून वाळवणाला मी दुसरं कुणीतरी बघते, असं भाचीने तिला सुनावलं.

आत्याने मागोमाग आलेल्या भावाकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "असेल बाई ओला."

एकेक काडी काडकन मोडून बघितल्याशिवाय ती चोथा आत पाठवत नाही, हे नाकवाल्यांना ठाऊक होतं. आणि तिला काय ठाऊक आहे, तेही. मागच्या आठवड्यात शेगडीवर दूध करपून कोळसा झालं, तेव्हा ते शेजारीच पेपर वाचत बसले होते. तिने धावत येऊन गॅस बंद केला, पातेलं घासलं आणि कुणाजवळ ब्र काढला नाही.

मुलीने कोळशाची मूठ त्यांच्यापुढे धरली. "बाबा, हुंगा. तुम्हीच सांगा तिला."

त्यांनी हुंगलं. काहीच नाही. ओला होता, एवढं म्हटलं की प्रकरण मिटत होतं. शब्द ओठांवर आलाही, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "चार महिने झाले. चोथा कोरडाच होता. भट्ट्या मी कच्च्या काढल्या."

"मला सांगितलं असतं तर मी हसले असते का?" मुलीने विचारलं. मग तिने आत्याचे दोन्ही हात धरले.

दुपारी भट्टी पेटली, तेव्हा धुराड्याशी आत्या उभी होती आणि नाकवाले कंबर वाकवून वाळवण उलटत होते. त्यांच्या नेहमीच्या अंदाजाची वेळ झाली. त्यांनी मान वर केली.

"संपला का गं?"

"नाही, दादा. येतोय अजून."

आणखी एक तास गेला. त्यांनी पुन्हा विचारलं. बहिणीने या खेपेला त्यांच्याकडे न बघता नुसती मान हलवली. अजून नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एक काडी उचलून मोडून बघितली आणि ढिगाची दुसरी बाजू उलटायला घेतली.