‘वाटते’ आणि ‘आहे’

सकाळचा तास होता. समोर सहा नर्स, सगळ्या पीएचडी करणाऱ्या, वॉर्डात वीस-वीस वर्षं काढलेल्या. विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘निरीक्षण म्हणजे काय?’ सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

“बरं, जखम बघता तेव्हा नोंद काय करता?”

“‘पू झाल्यासारखा वाटतो’,” सगळ्यांत ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या. त्यांना सगळ्याजणी ताई म्हणत.

“वाटतो? दिसतो ना?”

“दिसतो, वासपण येतो. पण ‘आहे’ डॉक्टरांनी लिहायचं. नर्सनं ‘वाटते’. पहिल्या वर्षीच घोटून घेतात.”

बाकीच्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. “माझ्या सासूबाई आमच्याच वॉर्डात होत्या. ‘धाप लागल्यासारखी वाटते’, मी दुपारपर्यंत तीनदा लिहिलं. फोन केला, तर डॉक्टर म्हणाले, ‘तुम्हाला काय, रोजच काहीतरी वाटतं.’ ते आले तेव्हा सगळं संपलं होतं.”

बाईंना शिसारी आली. माणूस गेला तरी चालेल, पण नर्सचं क्रियापद पायरी सोडून वर जाता कामा नये! रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात. इथे औषध देणाऱ्यांची रीतच रोग होऊन बसली होती, आणि तिला शिस्त म्हणत होते.

अशा एकशे बारा नोंदी ताईंनी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मांडल्या होत्या.

तेवढ्यात दार न वाजवताच ताईंचे मार्गदर्शक डॉक्टर आत आले. खुर्च्या करकरल्या, सगळ्या उभ्या राहिल्या.

“सिस्टर, चौथं प्रकरण काढून टाका. संशोधन नाही ते, बायकांची रडगाणी आहेत. काढलंत की प्रबंधावर सही करतो.”

ताई खाली बसल्या. “नाही काढणार, सर.”

“मग सही मिळेल असं वाटतं तुम्हाला?”

“वाटत नाही, सर. मिळणार नाही हे दिसतंच आहे.”

तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं, आपणही उभ्याच आहोत. स्वतंत्र विचारावर व्याख्यानं झोडणारी आपण, आणि पाय मात्र सवयीनं उठले! मघाची शिसारी उलटून त्यांच्याच अंगावर आली. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. मग एकेक करून बाकीच्याही.

डॉक्टर तरातरा निघून गेले. त्यांच्याबरोबर सहीही गेली.

दुपारी वॉर्डात ताईंनी सात नंबरच्या रुग्णाची पट्टी सोडली, नीट पाहिलं आणि कागदावर लिहिलं, ‘जखमेत पू आहे.’ खाली सही केली, स्वतःची.