आहेरात आलेला इंजिनियर

"ऐका हो मंडळी, घास हातात असू द्या, कान इकडं द्या. सुकरामच्या घरून गुंड आला, नवरीच्या पाण्याले आधार झाला..."

भोंग्यातून येणारा हा आवाज उदाराममामाचा. लोकेश तेव्हा मांडवाच्या खांबाला एका हाताने धरून गोल गोल फिरायच्या वयाचा होता. त्या भागातल्या लग्नांत आहेर नुसता दिला जात नाही, पुकारला जातो. आणि मामा तो नुसता पुकारत नसत, गोंजारत. पाण्याचा पितळी गुंड आला की गुंडाला एक ओळ, परात आली की परातीला एक, चादर आली की चादरीला एक. कोणाचा आहेर जड, कोणाचा हलका, हे मामांच्या आवाजावरून कळायची सोय नव्हती. धानाच्या शेतांवरून, बांध्यांवरून तो आवाज पलीकडच्या टोलीवस्तीपर्यंत जाई, आणि आजारपणामुळे लग्नाला येऊ न शकलेल्या एखाद्या बाईला अंथरुणात कळे, की आपला गुंड पोचला, आपलं नाव पोचलं.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात लोकेशला तो आवाज पुन्हा आठवला, तेव्हा धंद्याचा विचार करून करून त्याचं डोकं शिणलं होतं.

गोंदियाच्या कडेला मुर्रीत त्याचं घर. वडील ताराचंद जाऊन बरीच वर्षं झालेली. आई सुमनबाईने अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवून पोराला शिकवलं, पोरगा पुण्याला लागला. लांबलांबच्या ऑफिसातले बंद पडलेले कंप्युटर रात्रभर फोनवरून सुरू करून द्यायचे, असं त्याचं काम. मग आदल्या दिवाळीच्या आसपास सुमनबाईचे गुडघे असे सुजले, की बसलेली बाई उठेना. लोकेश नोकरी सोडून बायकोला, अल्काला, घेऊन घरी आला आणि राहिला. औषधपाण्याने आणि अल्काच्या शेकाने गुडघे सुधारले. मोहल्ला म्हणाला, पोरगा असावा तर असा.

हे कौतुकच सुमनबाईला टोचलं. माझ्या गुडघ्यांनी पोराचं पुणं खाल्लं, हे तिच्या मनातून हलेना. लोकेश समोर असला की ती मुद्दाम जमिनीवर बसे आणि भिंतीचा आधार न घेता टुणकन उठून दाखवी. नळावरून भरलेली बादली आणताना तर तिची चाल अशी ताठ, की जणू कोणी परीक्षा घ्यायला उभं आहे. शेवटी एक दिवस तिने मुदतच घातली. रोवण्यापर्यंत बघते. बांध्यांत धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, लागेपर्यंत दुकान उभं झालं तर ठीक, नाहीतर गुमान पुण्याची गाडी धरायची.

"माह्यापायी तू इथं सडू नोको," ती म्हणाली. "मले सहन नाही होत."

लोकेशच्या पोटात एक गोष्ट होती आणि ती फक्त अल्काला ठाऊक होती. गुडघ्यांचा निरोप आला त्या दिवशी काळजीच्या खाली, अगदी तळाशी, त्याला हलकं वाटलं होतं. पुण्याने त्याचं काही वाईट केलं नव्हतं. पण रात्रभर कानात आवाज आणि समोर चेहरा एकही नाही. दिवस उजाडला की पडदे ओढून झोप. शेजारच्या दाराला तो कोण, कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. घरी यायला तो वाटच शोधत होता.

"सांगून टाका ना त्यायले," अल्का म्हणायची.

"कसं सांगू? तिनं विहारात सगळ्या बायांले सांगतलं, पोरगा माह्यासाठी आला म्हणून. आता मी म्हणू का, की मी माह्यासाठी आलो?"

तेव्हा एकच रस्ता उरला. दुकान उभं करायचं, म्हणजे बोलायची पाळीच येणार नाही.

घराची पुढची खोली चुन्याने रंगवून घेतली, दारावर 'सोबत कंप्युटर सर्व्हिस' अशी पाटी लागली. लोकेशचा बेत शहाणा होता: गोंदियाच्या राईस मिला, आडत्यांची दुकानं, शाळा, ह्यांच्याशी वर्षभराचा करार करायचा, मशीन बिघडायच्या आधीच जाऊन पाहायचं. तो इस्त्रीचा शर्ट घालून मिलोमिली फिरला. मालक लोक गोडच बोलले. चहा पाजला. एकाने तर गादीवर बसवून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवून समजावलं, "भैया, अभी तो चल रहा है. बिगड़ेगा तब बुलाएँगे." बिघडलं तेव्हा त्यांनी कोणाकोणाच्या भाच्याला बोलावलं.

अल्काने पाहिलं, की नवरा रोज धानाचा कोंडा केसांत घेऊन आणि रिकाम्या हाताने येतो. तिला पुण्यातली दिवाळी आठवली. कंपनीने लोकेशला गिफ्ट व्हाउचर दिलं होतं, एवढंसं कार्ड, ते दाखवलं की मॉलमध्ये वस्तू मिळे. आपणही तसं काढलं तर? लग्नसराई तोंडावर आहे. लोक आहेरात देऊन देऊन काय देतात, भिंतीवरचं घड्याळ. एकेका घरात चार-चार घड्याळं, चारही वेगळी वेळ दाखवणारी. त्यापेक्षा आपलं कार्ड देतील. मास्तर, बाबू लोकांना नवं काही द्यायची हौस असतेच.

पिवळ्या जाड कागदावर कार्डं छापून आली. वर लिहिलं होतं, 'ह्या कार्डावर एक सेवा घरपोच. डिसेंबरपर्यंत वैध.'

पहिलं कार्ड गेलं मावशीच्या, सुलोचनाबाईच्या, पोरीच्या लग्नात. दुपारचा मांडव, पंगती बसलेल्या, माईकवर उदाराममामाच. दात गेलेले, आवाज शाबूत. मामांनी कार्ड उलटंपालटं केलं, उन्हाकडे धरून पाहिलं, आणि लोकेशला जवळ बोलावून विचारलं, ह्याच्यात आहे काय? लोकेश म्हणाला, वस्तू नाही मामा, मीच जातो त्यांच्या घरी, काम करून देतो. मामांना तेवढं पुरलं.

"ऐका हो मंडळी! गुंड नाही, परात नाही, नाही चादर-गादी. लोकेश इंजिनियर आहेरात आला, बोलवा त्याले आधी!"

पंगतीत घास अडकले. अल्काने पदराने तोंड झाकलं. मागून सुशिलाबाई नावाची तिची लांबची नणंद ओरडली, "वहिनी, आहेरात दिला म्हणतेस, मंग वापस भेटते का नाही?"

हसणं ओसरलं, पण मामांची ओळ राहिली. पुढच्या लग्नात ती पुन्हा म्हटली गेली, त्याच्या पुढच्यातही. कार्डं खपली. लोकांना एवढंच समजलं, की ह्या कागदावर सुमनबाईचा इंजिनियर पोरगा घरी येतो. कंप्युटरचा त्याच्याशी काही संबंध आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

पहिलं बोलावणं बिरसीहून आलं, सुकरामकडून; त्याच्या घरच्या लग्नात कार्ड आलं होतं. लोकेश बॅग घेऊन पोचला तर अंगणात खाट टाकलेली, पाय धुवायला पाणी ठेवलेलं, आत झुणका शिजलेला. वर विमानतळाच्या बाजूने शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान घुंई करत गोल फिरत होतं. लोकेशने घरभर नजर टाकली आणि विचारलं, मशीन कुठे आहे?

"कोनतं मशीन?"

"कंप्युटर."

"आमच्याकडं कुठं आला कंप्युटर," सुकराम म्हणाला.

"मंग मले कायले बोलावलं, काका?"

"घ्या! आहेर आला हाय त घ्याव नाही का? देनाऱ्याले का वाटन? अन् त्याच्यावर लिहलं हाय म्हने, डिसेंबरात खराब होते."

जेवण झालं. आता पाहुणा आलाच आहे तर, म्हणून सुकरामच्या नातीने बिचकत विचारलं, नर्सिंगचा फॉर्म इंटरनेटवरच भरायचा असतो म्हणतात, गोंदियाला दोन चकरा झाल्या, दुकानवाला गर्दीत धड ऐकूनही घेत नाही. लोकेशने लॅपटॉप खाटेवर उघडला, मोबाईलच्या आधाराने इंटरनेट जोडलं. फॉर्म भरून होईस्तोवर शेजारच्या दोन पोरी आपापली कागदपत्रं छातीशी धरून आल्या होत्या, आणि त्यांना कार्डाशिवायचा भाव विचारायचा होता.

असंच सुरू झालं. कोणाकडे टीव्हीची डिश लावून दिली, कोणाकडे वारलेल्या बापाचा फाटका फोटो जोडून नवा काढून दिला. एकदा तर भिंतीवरची चारही घड्याळं जुळवून यायची पाळी आली. त्या दिवशी लोकेश वैतागून घरी आला, म्हणाला, मी इंजिनियर आहे का कोण आहे?

"कार्डवाल्याले नाही म्हनाचं नाही," अल्काने नियमच करून टाकला. "आहेर आहे तो. आहेरानं तोंड वाकडं केलेलं पाह्यलं का कुठं?"

नागझिऱ्याच्या गेटाजवळून चमेलीचं बोलावणं आलं तेव्हा कुठे त्याला धंदा दिसला. चमेली आणि तिचा नवरा फागू जंगल पाहायला येणाऱ्यांना जेवू घालत, मागच्या दोन खोल्या राहायला देत. पण खोल्या आहेत हे नागपूरच्या माणसाला कळायचं कसं? लोकेशने खोल्यांचे, चुलीचे, अंगणातल्या मोहाच्या झाडाचे फोटो काढले, ते इंटरनेटवर चढवले, येणारी विचारपूस आपल्याकडे घेऊन फोनवर चमेलीला कळवायची व्यवस्था लावली. पहिले पाहुणे उतरले तेव्हा चमेलीचा फोन आला. काम तर दर महिन्याला पाहिजे, म्हणाली, आता नवं कार्ड आणायला कोणाचं लग्न लावू?

त्या संध्याकाळी नवरा-बायकोने अंगणात बसून जुना बेत मोडला आणि नवा मांडला. मशीनची वाट पाहायची नाही. लोकांकडे मशीन नाही, काम आहे. ते घेऊन ज्यांना शहरात रांगेत उभं राहावं लागतं, त्यांच्या दारी जायचं. चमेलीसारखे तीन-चार जण महिन्याचे झाले. बिरसीच्या पोरींनी मैत्रिणी धाडल्या. लोकेशचा चेहरा खुलला, त्याला गावोगावच्या भाज्यांची चव सांगता येऊ लागली.

सुमनबाईला मात्र ह्यात कुठेच दुकान दिसेना. गिऱ्हाईक दुकानात यायला हवं. इथे तर दुकानाला कडी आणि पोरगा लोकांच्या खाटेवर. वांगी, कोहळे, चारोळीच्या पुड्या घेऊन घरी येतो. "इंजिनियर आहे का जावई आहे?" ती सुनेला विचारी. आणि बांध्यांत रोपांचे पऱ्हे हिरवे झाले होते. आठ-पंधरा दिवसांत रोवणा लागणार होता.

एका सकाळी अल्काने लोकेशला निर्विकार चेहऱ्याने सांगितलं, आज एक घरगुती भेट आहे. मुर्रीतच. इस्त्रीचा शर्ट घाला.

"कोनाकडं?"

"जा न. मागच्या दारानं."

मागच्या ओसरीत सुमनबाई विहारात जायची पांढरी साडी नेसून बसली होती. समोर पाहुण्यांची खुर्ची, पाण्याचा तांब्या, बशीत चिवडा. हातात पिवळं कार्ड. सुलोचनाबाईच्या पोरीला लग्नात मिळालेलं, ते तिने बहिणीकडून मागून आणलं होतं.

"बसा," ती म्हणाली, पोराला, अहोजाहो करत. "पानी घ्या."

लोकेशला हसू आलं, पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्याने पाणी घेतलं.

"एक मेल लिहाचा हाय," ती म्हणाली. "पुन्याच्या तुह्या साहेबाले. मी सांगतो तसं लिही."

"माय, हे काय..."

"कुपन हाय माह्यापाशी. नाही म्हनता येत नाही. अल्कानंच सांगतलं."

त्याने लॅपटॉप मांडीवर उघडला. सुमनबाईने घसा साफ केला. वाक्यं तिने मनात घोटून ठेवलेली असावीत, कारण ती कुठेच अडली नाही.

"लिही. साहेब, जयभीम. मी लोकेशची आई. माहे गुडघे आता बरे हायेत. बादली आनतो, भाकर टाकतो, विहारात पायी जातो. मले कोनाची गरज नाही. पोरगा कामाचा हाय, रागीट नाही. त्याले परत घ्या. खान्याचे नखरे नाहीत त्याचे, भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाही, म्हनून विचारत जा. लिहलं?"

"लिहलं," लोकेश म्हणाला. त्याने खरोखर लिहिलं होतं. अक्षरं जरा पाणावली होती.

"पुढं लिही. तो माह्यासाठी आला होता. माह्या दुखन्यापायी त्यानं..."

बटणांचा आवाज थांबला.

"काऊन थांबला?"

"हे नाही लिहत, माय."

"काऊन? कुपन..."

"कुपन आहे, पाह्यलं मी. पन हे खोटं आहे म्हनून नाही लिहत."

भिंतीआड अल्काच्या हातातली बांगडी वाजायची थांबली. लोकेशने लॅपटॉप बंद केला, खुर्चीवरून उतरला आणि आईसमोर जमिनीवर बसला.

"मी तुह्यासाठी नाही आलो. मले तिथं करमत नव्हतं, माय, कवापासून. तुहे गुडघे दुखले, त मले घरी यायले बहाना भेटला."

सुमनबाईने चिवड्याची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि पहिल्यांदाच त्याच्यादेखत भिंतीचा आधार घेऊन उठत म्हणाली, "मंग मेल राहू दे, अन् रोवण्याचंही राहू दे."