पन्नासावी रात्र

तीस डिसेंबरच्या सकाळी दात घासता घासता माधव ढगेला कळलं की आपल्याकडे दोन दिवस नाहीत, एकच आहे.

तोवर तो तसा निवांत होता. आपण नेहमी उतरतो त्या हॉटेल कंपनीचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं, वर्षात पन्नास रात्री भरल्या की सोनेरी कार्ड पुढच्या वर्षीही चालू राहतं, आपल्या एकोणपन्नास झाल्यात. पन्नासावी एकतीसला नागपुरात काढू, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पण तोंडात ब्रश तसाच ठेवून त्यानं मोबाइलवर नियमांची बारीक अक्षरं उघडली, आणि तिथं लिहिलं होतं की रात्र धरली जाते ती खोली सोडल्याच्या तारखेला. म्हणजे एकतीसला झोपून एक तारखेला उठलं, तर ती रात्र नव्या वर्षात जमा. झोपायचं ते आजच. त्यानं चूळ भरली आणि पुन्हा वाचलं.

माधव हिंगणघाटचा. कापसातली सरकी काढून गाठी बांधणारी जिनिंग-प्रेसिंगची यंत्रं दुरुस्त करणारा इंजिनिअर. कापसाचा हंगाम सुरू झाला की आज वरंगल, परवा राजकोट, तेरवा आणखी कुठं. लहान गावांत तो लॉजवर पडायचा, पण शहर मोठं असलं की वाट वाकडी करून याच एका कंपनीच्या हॉटेलात उतरायचा. सोबतचे लोक स्टेशनसमोर झोपायचे आणि हा तिथून सहा किलोमीटर लांब. त्याची बायको मोहिनी शाळेत शिक्षिका, ती म्हणायची, "लोक देवाचा जप मोजतात, हे रात्री मोजतात." घरी हसायला हा विषय बरा होता. माधवही हसायचा, आणि हसून झालं की ॲप उघडून आकडा पाहायचा.

पण हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हती, कारण त्या कार्डावर त्याच्या आईचा डोळा अवलंबून होता. निदान माधव तरी तसंच धरून चालला होता.

देवकाबाई अडुसष्ट वर्षांच्या. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली, ती जाईना, म्हणून दर तीन महिन्यांनी हैदराबादला नेऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं. पहिल्या खेपेला दोघं पहाटे पाचला सिकंदराबादला उतरले. दहापर्यंत वेटिंग रूममध्ये बसले, मग इंजेक्शन, मग डोळ्याला पट्टी बांधून एका लॉजची खोली. तिथल्या चादरीला वास येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजवाल्यानं दहालाच बाहेर काढलं आणि रात्रीच्या गाडीपर्यंत ही म्हातारी बाई फलाटावरच्या बाकड्यावर पडून राहिली. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "मी आता नाई येत, बापा. आंधळी झाली तं झाली." आणि देवकाबाई एकदा नाही म्हणाल्या की गावातला कुणी त्यांना हो म्हणायला लावू शकत नाही.

मग माधवनं कार्ड कामाला लावलं. सोनेरी कार्डवाल्याला खोली दुपारी दोनऐवजी पहाटे सहाला मिळते आणि सोडायची ती बाराऐवजी चारला. आधीच्या मुक्कामांवर साठलेले पॉइंट द्यायचे एका रात्रीचे, आणि मिळायचे पुरते दोन दिवस. वर मोठी खोली आणि दोघांचा नाश्ता. गाडीतून उतरायचं आणि सरळ पांढऱ्याशुभ्र गादीवर आडवं व्हायचं. देवकाबाई गेल्या, आणि पुढच्याही खेपांना काही न बोलता गेल्या. पुढची तारीख आता बारा जानेवारी. कार्ड गेलं तर पुन्हा वेटिंग रूम, पुन्हा बाकडं, आणि आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. एका रात्रीपायी आईचा डोळा जाईल, हा विचार त्याच्या डोक्यात एकदा शिरला तो निघेचना.

कंपनीची नागपुरातली दोन्ही हॉटेलं वर्षअखेरीच्या गर्दीनं भरलेली होती. पण त्याच कंपनीचं एक नवं हॉटेल दिवाळीत हिंगणघाटच्या बाहेर, हायवेवर उघडलं होतं. घरापासून चार किलोमीटर. तिथं खोली होती. त्यानं ती घेऊन टाकली आणि मोहिनीला सांगितलं, "समुद्रपूरच्या जिनमध्ये काम आहे. आज तिकडंच राहीन." खरं का सांगितलं नाही, तर गावात घर असताना हॉटेलात झोपायला जातो म्हणून ती आयुष्यभर चिडवेल ही भीती. पस्तिशी उलटलेल्या माणसालाही बायकोच्या चिडवण्याचं भय असतं, त्यात काही नवल नाही.

दोनच्या ठोक्याला तो काउंटरवर उभा राहिला. काउंटरवरच्या मुलीच्या कोटावर 'इला' अशी पट्टी होती. तिनं हसून आधार कार्ड घेतलं, आणि तिचं हसू मावळलं.

"सर, हे लोकल आयडी आहे."

"हो. मी इथलाच आहे."

"लोकल आयडीवर आम्ही रूम देत नाही, सर."

माधवला वाटलं, गंमत करते. मग त्याला आठवलं की स्वतः त्यानंच कितीतरी काउंटरांवर ही सूचना टांगलेली पाहिली होती. गावातल्या माणसाला गावात खोली कशाला हवी, असा तो सवाल असतो, आणि त्याचं उत्तर सहसा चांगलं नसतं. पण बाहेरगावच्या कुठल्याच काउंटरवर तो लोकल नव्हता, त्यामुळे ती सूचना त्यानं कधी मनावर घेतली नव्हती. त्यानं सोनेरी कार्ड पुढं केलं. बुकिंग दाखवलं. एकोणपन्नासचा आकडा दाखवला. बोलताना त्याचा आवाज चढत गेला आणि कपाळावर घाम आला, डिसेंबरात. इलानं मॅनेजरला बोलावलं.

मॅनेजर प्रेमदास पन्नाशीचा, समुद्रपूरकडचा. माधवला त्यानं पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"भाऊ, सामान?"

"नाई." माधवनं लॅपटॉपची बॅग उचलून दाखवली. "एवढंच."

"एकटेच?"

"एकटाच."

"काम कोणतं आहे इथं?"

"काम काई नाई हो. आजची रात्र काढायची आहे फक्त. कोणतीही खोली द्या."

"घर तं गावातच दिसते तुमचं. घरच्यायले माहीत आहे?"

"घरी कोणालेच माहीत नाई," माधव घाईनं म्हणाला, "आणि कळू बी द्यायचं नाई."

आधार कार्डावरचं नाव प्रेमदासनं पुन्हा वाचलं. मग एकदम मऊ आवाजात, तापलेल्या पोराशी बोलावं तसा बोलला, "बसा भाऊ, चहा घ्या. मी सिस्टिममध्ये पाहतो काय जमते ते." आणि आधार कार्ड घेऊन तो आत गेला.

माधव सोफ्यावर टेकला. चहा आला, तो त्यानं घेतला नाही. पाच मिनिटांनी इलाकडे पाहिलं, तिनं नजर खाली वळवली. दहा मिनिटांनी एका जिनचा ओळखीचा मुनीम जेवून बाहेर पडला आणि थबकला. "अरे, माधवभाऊ! इकडं कुठं?" माधव म्हणाला, "जेवायले." मुनीम म्हणाला, "जेवणं तं बंद झाले आता," आणि मागं वळून पाहत गेला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळणार. कळेना का. खोली मिळाली पाहिजे. त्यानं ॲप उघडलं; एकोणपन्नास. बंद केलं, पुन्हा उघडलं, तेवढेच. बुकिंग रद्द झालं तर? हैदराबादच्या काउंटरवर पहाटे साडेपाचला आई बॅग धरून उभी आहे आणि पलीकडचा हॉटेलातला पोरगा म्हणतोय, सर, दोन वाजता या. हे चित्र त्याला इतकं स्पष्ट दिसलं की तो उठून उभाच राहिला.

"अजून किती वेळ लागेल?" त्यानं काउंटरवर जाऊन विचारलं. "उद्या सकाळी मला लवकर निघायचंय. उद्याचीच तारीख पडली पाहिजे."

"सर, प्लीज, तुम्ही बसा ना," इला म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, आणि तिला काय झालं हे माधवला कळेना.

अर्ध्या तासानं काचेचं दार ढकलून मोहिनी आत आली. साडीचा पदर खोचलेला, केस विस्कटलेले, स्कूटरची किल्ली मुठीत. तिच्या मागं दाराची कड धरून देवकाबाई.

"समुद्रपूर कधीपासून इथं आलं हो?" मोहिनी म्हणाली. एवढं बोलली आणि तिथंच, भर लॉबीत, तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

प्रेमदास आतून बाहेर आला आणि त्यानं माधवसमोर हात जोडले. "माफ करजा, भाऊ. माही पोरगी मॅडमच्या वर्गात आहे, नाव वाचलं तवाच ओळखलं. मीच फोन केला. पहिले मी एका लॉजवर होतो. तिथं असाच एक गावातला माणूस आला, एकटा, बिनसामानाचा. कोणाले सांगू नका म्हणे. आम्ही खोली दिली. सकाळी दार तोडा लागलं. तवापासून मी नाई देत."

आता कुठं माधवच्या डोक्यात उजेड पडला. मोहिनीनं त्याचा दंड घट्ट धरला होता. "काय झालं तुमाले? नोकरीचं काई आहे का? घरी काऊन नाई बोलले?"

"अवं, तसं काई नाई!" तो जवळजवळ ओरडलाच. आणि मग, मोबाइल उलटासुलटा करत, कुणी काही विचारायच्या आत त्यानं सगळं सांगून टाकलं. पन्नास रात्री, एकोणपन्नास झाल्या, एकच कमी, तीही आजच. पहाटेची खोली, चारपर्यंतची मुभा. "कार्ड गेलं तर आई जाईल का हैदराबादले? त्या बाकड्यावर झोपेल का पुन्हा? डोळा जाईल तिचा! म्हणून आलो. बस, एवढंच आहे."

मोहिनीनं डोळे पुसले. आधी तिच्या चेहऱ्यावर राग आला, मग सुटका, मग हसूही आलं असतं. प्रेमदासनं मोठा श्वास सोडला. "मंग काई हरकत नाई," तो म्हणाला, "देतो खोली. इला, साहेबांचं चेक-इन कर."

"थांब वं पोरी," देवकाबाई म्हणाल्या.

त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. हात मांडीवर. माधवकडे पाहण्यासाठी त्यांनी मान जरा जास्तच वळवली.

"माधव, त्या डोळ्याचं झालं आता."

"काय झालं?"

"दसऱ्यानंतर गेलतो न आपण. तवाच डॉक्टरीण बोलली. अम्मा म्हणे, हे शेवटचं. यापुढं सुई देऊन फायदा नाई. जेवढी नजर जायची तेवढी गेली. दुसरा डोळा जपा म्हणे, त्याची तपासणी तुमच्या सेवाग्रामच्या दवाखान्यात करत जा. इतक्या दूर येऊ नका."

माधव तिच्यासमोर आला.

"मले सांगितलं काऊन नाई?"

"तू बाहेर गेलता फोनवर. कोणत्या तं जिनचं मशीन बंद पडलं होतं." देवकाबाई शांतपणे सांगत होत्या, भाजी काय केली ते सांगावं तसं. "मंग आत आला तं तू इतका खुश. म्हणे आई, जानेवारीतबी हीच खोली सांगून ठेवली, मोठ्या खिडकीची. मले वाटलं, पोरगा आपल्यासाठी वर्षभर रात्री गोळा करून राह्यला, त्याले कोणत्या तोंडानं सांगू का काईच उपयोग झाला नाई म्हणून?"

"आणि जानेवारीत?"

"आली असती तुह्यासोबत. तुले बरं वाटलं असतं."

दवाखान्याची फाइल त्या दिवशी माधवनंच धरली होती, हैदराबादपासून घरच्या कपाटापर्यंत. वरचा कागद दोन ओळींचा होता. दुनियेभरची बारीक अक्षरं वाचणाऱ्या या माणसानं तो उघडूनही पाहिला नव्हता. तीन महिने तो आईचा डोळा वाचवत होता, आणि त्या तीन महिन्यांत तिला किती दिसतं हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मोहिनीकडे बघवेना.

"सर," इलानं हळूच विचारलं, "चेक-इन करू?"

"नको," माधव म्हणाला. "आधार कार्ड द्या परत."

ते खिशात घालून तो आईशेजारी सोफ्यावर जाऊन बसला. त्यानं तिचा हात धरला. देवकाबाईंनी पुन्हा मान वळवली, पार खांद्यापर्यंत, आणि मग दुसऱ्या हातानं पलीकडची जागा थोपटली.

"इकडून बस, बापा. तिकडून तू मले दिसत नाईस."

माधव उठला आणि सोफ्याला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसला.