वाकळ पांघरलेला अ‍ॅम्प्लिफायर

बसा मित्रांनो, पण जरा लांब बसा. अंग अजून गरम आहे माझं. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकतो, कारण तुम्हाला वाटतं आवाज आपोआप येतो. तसं नसतं बाबांनो. टेपमधून, टीव्हीतून निघतो तो आवाज अगदी बारीक असतो. तो मी मोठा करतो आणि माझ्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरांना देतो. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण वीस वर्षं करून बघा, मग कळेल.

माझा जन्म शहागंजच्या बाजारातला. मोईनभाईंचं दुकान तिथं. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि मागे वायरींचा ढीग. मोईनभाईंनी पत्रा वाकवून माझी पेटी केली, आत पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर बसवला, एकेक तार स्वतःच्या हाताने जोडली. कंपनीचा शिक्का माझ्यावर नाही, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मला रामकिसनदादांनी घरी आणलं. सुताराकडून दोन गुडघाभर उंचीचे स्पीकरही करून घेतले. नंतरची वीस वर्षं मी पाठ टेकली नाही. घरात सकाळी गाणी, जयंतीच्या आठवड्यात गल्लीभर भीमगीतं, कुणाचं लग्न असलं की मलाच उचलून न्यायचे. "रामकिसनच्या डब्याचा आवाज पोटात वाजतो," असं लोक म्हणायचे. मला ते फार आवडायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

मग मोबाइल आले. रामकिसनदादा वारले. मी माळ्यावर गेलो, कूलरच्या जुन्या गवताशेजारी. वडिलांची वस्तू भंगारात द्यायची नाही म्हणून मुलानं ठेवलं, आणि ठेवलं म्हणून विसरले. चार वर्षं मी तिथं धूळ खात पडलो होतो. खरं सांगू का, मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं. थकलेल्याला पडून राहायला मिळालं तर तो तक्रार करत नाही.

आता घरातली माणसं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. रामकिसनदादांची बायको पारूबाई. त्यांचा मुलगा प्रणय, शेंद्र्याला कंपनीत आहे. सून संध्या शाळेत शिकवते. नात अमृता इंजिनिअरिंगला. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा, ही या घरची पद्धत. पण पारूबाईंना काचबिंदू. समोर कुणी उभं आहे एवढं दिसतं, चेहरा दिसत नाही. त्या सिनेमा कानांनी बघायच्या. नवीन टीव्ही आला, चपटा, भिंतीएवढा, आणि त्याचा आवाज मागच्या बाजूला भिंतीवर आपटणारा! बाकीचे खालची अक्षरं वाचून निभावून न्यायचे. पारूबाई विचारायच्या, "काय म्हनला त्यो?" अमृता सांगायची. पुन्हा विचारलं की प्रणय म्हणायचा, "आई, थांब ना जरा." मग त्यांनी विचारणं सोडलं. मग हॉलमध्ये बसणंही सोडलं.

हे अमृताच्या जिवाला लागलं. ती म्हणाली, "पप्पा, आपण हॉलमध्ये एक चांगली सिस्टीम करू. आजीची गाणीही त्यावरच आणि सिनेमाही त्यावरच. आजीला ऐकू आलं पाहिजे बस." प्रणयने दुकानं पालथी घातली. कुणी पाच स्पीकर सांगे, कुणी सात. अहो, दहा बाय बाराचा हॉल, सात स्पीकर ठेवल्यावर माणसं बसणार कुठं? शेवटी अमृताच माळ्यावर चढली आणि मला नि स्पीकरांना खाली घेऊन आली. तिनं स्पीकरचे फाटलेले पडदे बदलून आणले, टीव्हीला एक छोटी डबी जोडली, डबीची वायर माझ्या पाठीत खोचली. मित्रांनो, या वयात पुन्हा कामाला जुंपल्यावर कंबरडं मोडतं. पण काम पारूबाईंसाठी होतं. मी म्हटलं, ठीक आहे, होऊ दे.

रविवारला अजून तीन दिवस होते. आणि त्या तीन दिवसांत घोळ झाला.

आमच्या घरात उघडी वस्तू चालत नाही. फ्रिजला कापड, मिक्सरला कापड, शिलाई मशीनला कापड. त्यात समोरचा रस्ता खोदलेला. "लई धूळ हाय बाई. त्यांची वस्तू हाय, जपाया नको?" असं म्हणून पारूबाईंनी ट्रंकेतून स्वतःची जुनी लुगडी आणि रामकिसनदादांचं धोतर काढलं. चार-चार पदर एकावर एक ठेवून माझ्यासाठी आणि दोन्ही स्पीकरांसाठी छोट्या वाकळी शिवल्या. सुईत दोरा अमृता ओवून द्यायची, टाके त्या बोटांनी चाचपून घालायच्या. लाल काठ लावला. मला पांघरूण घातलं आणि वरून हात फिरवला. संध्या म्हणाली, "किती छान शिवलंय हो आई!" छानच शिवलं होतं. पण माझ्या वरच्या पत्र्याला भोकं आहेत ती हवेसाठी, आणि स्पीकरच्या तोंडावर चार पदरी वाकळ असली की बोलण्यातली अक्षरं तिथंच अडकतात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. इंजिनिअरिंगवालीच्या सुद्धा!

रविवारी पारूबाईंना मधोमध बसवलं. सिनेमा सुरू झाला. मी जीव तोडून आवाज देत होतो. ढोल जात होते, स्फोट जात होते, शब्द जात नव्हते. थोड्या वेळानं पारूबाई हळूच म्हणाल्या, "काय म्हनली ती?" प्रणयने आवाज वाढवला. नुसती धडधड वाढली. मग तो अमृताकडे बघून म्हणाला, "एवढं सगळं केलं तरी ऐकू येईना, म्हणजे कानच गेले की गं." बाकीचे अक्षरं वाचत होते ना, त्यांना काय कळणार?

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली तारीख घेतली. मशीन लावायचं ठरलं. तेव्हापासून घरात सगळे पारूबाईंशी ओरडून बोलायला लागले. ओरडून घसा दुखला की बोलणं टाळायला लागले. पुढं पुढं तर हातानंच खुणा करायचे. ज्या बाईला चेहरा दिसत नाही तिला खुणा! पारूबाईंनाही ते खरं वाटलं. एकदा मला झटकता झटकता म्हणाल्या, "डोळे गेले, आता कानबी गेले म्हनायचे." आणि माझी वाकळ नीट खाली ओढली. मला रडू फुटायचं बाकी होतं. जन्मभर दुसऱ्याचा आवाज मोठा केला, आणि स्वतःचं म्हणून एक अक्षर मला बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी हरलो. आवाज पूर्ण वाढवलेला, वर वाकळ, बाहेर ऊन. आतून जळका वास आला आणि मी बंद पडलो. अमृताने धावत येऊन वायर ओढली, तिचा हात पोळला.

मोईनभाईंना फोन केला. "डब्बा लाओ नक्को, मैंच आता," असं म्हणून ते संध्याकाळी रिक्षाने आले. दाढी पांढरी झालेली, गुडघे धरून जिना चढले. मला बघताच कपाळावर हात मारला. "या अल्ला! इसकू रजाई कायकू ओढाए?" मग स्पीकरांकडे बघितलं आणि हसावं की रागवावं त्यांना कळेना. "बोलने वाले के मुंह पे गोदडी डालते, फिर पूछते सुनाई कायकू नै देता!" अमृताचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी माझा फ्यूज बदलला, एक जळलेला भाग बदलला, वाकळी घडी करून बाजूला ठेवल्या आणि स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाएवढ्या उंचीवर स्टुलांवर मांडले. दुपारचाच सिनेमा बारीक आवाजात लावून बघितला.

आतल्या खोलीतून पारूबाई बोलल्या, "ती म्हनती मी आता परत येनार नाय. मंग त्यो कामून उभा ऱ्हायलाय?"

अमृताने आवाज आणखी कमी केला. पारूबाई भिंत धरत दारापर्यंत आल्या आणि पुढचं वाक्यही जसंच्या तसं म्हणून दाखवलं. प्रणय तर उडालाच. "आई! अगं, तुझे कान एकदम चांगले आहेत!"

पारूबाई काही हसल्या नाहीत. खुर्ची चाचपून बसल्या आणि म्हणाल्या, "चांगले व्हते व्हय? मंग दोन हप्ते माझ्यासंगं कुनी नीट बोललं का नाय?"

मोईनभाई आपली पिशवी आवरायला लागले. मग प्रणयने मला बंद केलं, आईच्या पायाशी फरशीवर बसला आणि न ओरडता, खुणा न करता, साध्या आवाजात कंपनीतलं काहीबाही सांगायला लागला. पारूबाई मधेच विचारायच्या, तो पुन्हा सांगायचा. संध्या आणि अमृताही येऊन बसल्या.

मित्रांनो, मी थकलोय, लांबण लावत नाही. धुळीसाठी कापड खुशाल घाला, पण मला चालू करताना ते काढा. आणि घरात कुणी "काय म्हणाला?" असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर माझं बटण पिळत बसू नका. आवाज मोठा करणं माझं काम, ते मी मोडेपर्यंत करीन. शेजारी बसून सांगणं काही माझ्याच्यानं होत नाही. ते तुम्ही करा.