मागच्या सीटची वायर

मित्रांनो, मी लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलवरचा एक जुना स्टिरिओ आहे. जन्मलो कारखान्यात, पण मला खरा आवाज फुटला तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या रस्त्यांवर.

पुढे माझे मालक ऑरिन बसत, मागे त्यांची बायको मार्लिस. दोघांच्या हेल्मेटांतल्या माइकची एकेक वायर माझ्यापर्यंत येई. कुणी माइकमध्ये बोललं की आपलं गाणं हळू करायचं, हे माझं काम. मार्लिस तर सारखीच बोलायची.

"ऑरिन, हरीण! हळू चालव!"

"अगं, ती टपालपेटी आहे."

"असू दे. तरी हळू!"

दर शुक्रवारी ती दोघं तळ्याकाठी तळलेले मासे खायला जात. बावीस उन्हाळे मी त्यांच्यासोबत गायलो आणि त्यांच्यासाठी गप्पही झालो.

मग एका हिवाळ्यात मार्लिस गेली. बर्फ वितळल्यावर ऑरिननी एकट्यानेच गाडी बाहेर काढली. तिचं हेल्मेट त्यांनी सवयीने मागच्या सीटला बांधलं, वायरही जोडली. गाडीने वेग घेतला की त्या माइकमध्ये वारा घुमे. मला वाटे, ती बोलतेय. मी गाणं हळू करी. ऑरिन बटण पिळून आवाज वाढवत, मी पुन्हा हळू होई.

"थकलास रे बाबा," ते म्हणत.

शेवटी ते मला लूअ‍ॅनच्या गॅरेजात घेऊन गेले. लूअ‍ॅन म्हणजे मार्लिसची धाकटी बहीण.

"दाजी, हा स्टिरिओ आहे की आमच्या आजोबांचा रेडिओ? नवा बसवते. पलीकडच्या गावातल्या गाईसुद्धा नाचतील!"

"बसव. हा गाणं मध्येच गिळतो."

मला काढता काढता तिचा हात मागच्या वायरीवर थांबला.

"दाजी, ताईचं हेल्मेट जोडलेलंच होतं?"

"मग? कायमच असतं."

"वारा शिरतो हो माइकमध्ये. याला वाटतं, ताई बोलतेय. म्हणून गप्प होतो."

ऑरिननी मागच्या सीटवरचं हेल्मेट तळव्याने पुसलं. मग म्हणाले, "मग तर नवाच बसव."

मी तेलाच्या डब्यांशेजारी फळीवर गेलो. माझ्यावर धूळ बसली. ज्याच्यासाठी गप्प व्हावं, असं तिथे कुणी बोलतच नव्हतं.

तीन शुक्रवार गेले. मग ती ओळखीची धडधड दारात येऊन थांबली.

"का दाजी, आवाज कमी पडतो?"

"आवाज चिक्कार आहे. पण तो थांबतच नाही गं. माशांपासून घरापर्यंत एकदाही थांबला नाही."

लूअ‍ॅनने हात पुसले आणि मला खाली काढलं.

"आणि वायर?"

"तीही लाव."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू मध्येच गप्प झाली, तर लगेच तिला बिघडली म्हणू नका. तिला अजून कोण कोण जोडलेलं आहे, ते आधी बघा.

आताही मोकळ्या रस्त्यावर वारा घुमतो आणि मी गाणं हळू करतो. ऑरिन बटणाला हात लावत नाहीत. हरीण असो वा नसो, ते गाडीचा वेग थोडा कमी करतात.