नऊशे तेरावं पान

सूचीकारांनी चिमुकल्या लॅपटॉपसारखं नवं नेटबुक घेतलं आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. वजनाला वहीएवढं, उघडलं की लगेच सुरू, पंखा नाही की घरघर नाही, आणि चार्जरला दिवसभर सुट्टी! आत सगळा कारभार मात्र मोबाइलचाच होता, ॲपही मोबाइलचीच.

"अहो, मोबाइललाच कीबोर्ड चिकटवून दिलाय तुम्हाला," त्यांची बायको म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, भपक्याला भुलणारी नव्हती.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

तिला कळत होतं, पण ड्यूटीला उशीर होत होता.

आणि काम काय साधंसुधं होतं? विषबाधेवरच्या उपचारांचं जाडजूड पुस्तक, आणि शेवटी त्याची सूची, कुठलं विष कुठल्या पानावर. समोर रोगी तडफडत असताना डॉक्टरनं पुस्तक मागून उघडायचं आणि नेमकं पान गाठायचं. शिवाय प्रकाशकबाईंनी वीस वर्षांत पहिल्यांदाच कबूल केलं होतं, की सूचीकाराचं नाव आतल्या पानावर छापू. त्या नावासाठी स्वारीचा जीव नुसता आसुसला होता.

एरवी ते छापील कच्ची पानं मागवायचे आणि पेन्सिलीनं खुणा करत बसायचे. या खेपेला "कागद कशाला? फाइल पाठवा!" असं ऐटीत सांगून मोकळे झाले. सोफ्यावर, गॅलरीत, चहा पिताना काम सपासप चाललं. पडद्यावर एका वेळी एकच ॲप मावायचं, म्हणून पानांचे आकडे तोंडपाठ करून दुसरीकडे उतरवावे लागायचे. पण प्रेमात पडलेला माणूस कुठे कुरकुर करतो!

आठव्या दिवशी ते शेवटच्या, नऊशे तेराव्या पानावर पोहोचले. बाई तर चारशे पानं म्हणाल्या होत्या. दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. हे फुशारले.

"बघ, प्रकाशकांना दुसऱ्याचं काम नेहमी निम्मंच दिसतं," असं बायकोला सुनावून त्यांनी सूची धाडून दिली.

दोन दिवसांनी बाईंनी बोलावून घेतलं. टेबलावर पुस्तकाची पानं होती. ती चारशे बाराव्या पानावर संपत होती.

"झोपेच्या गोळ्या, पान सातशे चाळीस," बाईंनी सूचीतून वाचलं. "हे पान मी आणू कुठून?"

सूचीकारांनी घाईघाईनं नेटबुक उघडून पुरावा दाखवला. बाईंनी शांतपणे समजावलं. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून ते वाचायचं ॲप मजकूर छोट्या पडद्यापुरता तोडतं आणि पानांना आपलेच आकडे घालतं. वाचायला झकास, सूचीला कुचकामी.

सूचीकारांनी नेटबुक मिटलं. "दोन दिवस द्या. हातानं करून देतो."

"छपाई सुरू झालीय हो. इस्पितळं वाट बघतायत. पुस्तक सूचीविनाच जाणार." बाईंनाही वाईट वाटत होतं. "तुमचं नाव मात्र छापून झालंय. दोन हजार प्रतींत."

त्यांनी ते पान पुढे सरकवलं. नाव ठळक होतं, सुबक होतं, मधोमध होतं. सूचीकारांना ते बघवेना.

"बाई," ते म्हणाले, "एवढं खोडता येईल का हो?"