फक्त बाहेर जाण्याचं दार

मी एक दार बोलतोय. तुमच्या घराला आहे तसं नव्हे. मला कडी नाही, कुलूप नाही, घंटा नाही आणि माझी उंची जेमतेम तुमच्या वितीएवढी. माझ्यातून फक्त बाहेर जाता येतं. आत मात्र मी कुणालाच घेत नाही, मग तो कितीही ओळखीचा असो. कुणी माझ्या या स्वभावाला नावं ठेवतात. पण तो स्वभाव मला जन्मतःच ठोकून बसवलेला आहे, त्याला मी काय करू?

माझा जन्म पत्र्याचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानात झाला. डब्याचा उरलेला पत्रा आणि हातभर जाळी, एवढंच माझं कूळ. ज्यांनी मला करवून घेतलं त्यांना सगळे पिंजरेवाले म्हणतात. लोकांच्या घरात नको तिथे शिरलेली जनावरं न मारता बाहेर काढायची, हा त्यांचा धंदा. माळ्यावरच्या खारी, धुराड्यात अडकलेली पाखरं, भिंतीच्या फटीतली वटवाघळं, सगळी त्यांची गिऱ्हाइकं.

"मिस्त्री, दार असं हवं," पिंजरेवाले म्हणाले, "की जाणाऱ्याला वाटावं वारा आहे आणि येणाऱ्याला वाटावं भिंत आहे."

"आमच्या सासुरवाडीचं दार बरोब्बर उलटं," मिस्त्री म्हणाले. "आत शिरताना वारा आणि निघताना भिंत. जेवायला म्हणून गेलो, तो चौथ्या दिवशी सुटलो."

हसत हसत त्यांनी मला घडवलं. जाळीचा छोटा बोगदा आणि त्याच्या तोंडाशी वरून लोंबणारी पत्र्याची पट्टी. आतून नाकाने जरा ढकलली की पट्टी उघडते, जनावर बाहेर पडलं की आपोआप मिटते. बाहेरून नख घालायला जागाच नाही.

पिंजरेवाल्यांच्या गाडीत माझा मुक्काम पिंजऱ्यांशेजारी असे, पण त्यांचं आणि माझं कधी जमलं नाही. ते सगळे कोंडणारे. आतला जीव रात्रभर धडका देतो आणि हे ढिम्म बसून राहतात. माझ्यापाशी तसलं काही नाही. जनावर खायला म्हणून निघतं, माझ्यातून बाहेर पडतं, परत येतं तर घर बंद. दोन दिवस कुरकुरतं, मग दुसरीकडे बिऱ्हाड करतं. मी आजवर कुणाला कोंडलं नाही, कुणाचा केस वाकडा केला नाही, याची मला भारी ऐट होती.

या धंद्यात माणसंही पुष्कळ बघायला मिळाली. फोनवर सगळे आधी कुजबुजतात. "उंदीर नाहीत हं आमच्याकडे, घर एकदम स्वच्छ आहे," हे पहिलं वाक्य. "गाडी जरा कोपऱ्यावर लावाल का?" हे दुसरं. जणू माळ्यावर खार नव्हे, पळून आलेला चोरच लपवलाय. मग शेजारची बाई कुंपणावरून विचारते, "तुमच्याकडे पण?" आणि दोन्ही घरांचा जीव भांड्यात पडतो.

माझी ऐट उतरली ती सरांच्या घरी.

सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. काडीसारखे बारीक, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे बाईंचं, हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधापेक्षा झोप महत्त्वाची. आणि बाईंच्या पलंगाच्या नेमक्या वर, छत आणि कौलं यांच्यामधल्या माळ्यावर, एका खारीने संसार थाटला होता. फटफटलं की तिची धावपळ सुरू. बाईंचा डोळा लागायची आणि तिची उठायची वेळ एकच.

सरांनी सगळे उपाय करून पाहिले होते. झाडूच्या दांड्याने छत बडवलं, त्याने खार गप्प झाली नाही, बाई मात्र दचकून उठल्या. मग वळचणीला खार शिरायची त्या भोकातून डांबरगोळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या खाली अंगणात पडलेल्या होत्या. खारीने एकेक करून बाहेर ढकलल्या होत्या.

"मला ती आजच्या आज बाहेर हवी," सर पिंजरेवाल्यांना म्हणाले. "माझी बायको एकवीस दिवस झोपलेली नाही."

"माळा बघून घेतो," पिंजरेवाले म्हणाले.

हा धंद्याचा पहिला नियम. दार लावण्याआधी स्वतः आत शिरून कोपरान्‌कोपरा बघायचा, पिल्लं नाहीत ना याची खात्री करायची. पिंजरेवाल्यांनी खोलीबाहेरच्या बोळात छताला असलेलं माळ्याचं झाकण सरकवलं, स्टुलावर चढून डोकं वर घातलं आणि टॉर्च फिरवला. मी खाली पिशवीत पडून सगळं बघत होतो. डोकं आत गेलं. खांदे काही हलले नाहीत.

"काही नाही. एकटीच आहे," ते म्हणाले.

"नीट बघितलंत?"

"म्हणजे काय! माझं रोजचंच काम आहे हे."

खार बाहेर गेलेली होतीच. त्यांनी वळचणीच्या भोकावर चार स्क्रूंनी मला पक्कं बसवलं. माझं एक तोंड अंधाऱ्या माळ्यात, दुसरं बाहेर. खाली बाईंच्या खोलीची खिडकी. जाताना पिंजरेवाले सरांना म्हणाले, "आता बिनघोर झोपू दे त्यांना."

अर्ध्या तासाने खार आली. तोंडात वाळक्या गवताचा झुपका होता. मला बघून ती थबकली, हुंगलं, पंजाने ओढून पाहिलं. मी मिटलेलाच. असं दर ठिकाणी होतं, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. पण ही थांबेना. गवत टाकून ती माझ्या पट्टीचा काठ दातांनी खरवडायला लागली. पत्र्यावर दात घासल्याचा आवाज मलाच सहन होईना. मग कौलं उचकट, फळी कुरतड, पुन्हा माझ्यावर झडप. घर गेलेलं जनावर चिडतं, हे मला माहीत होतं. ही चिडलेली नव्हती, घाबरलेली होती.

आणि मग माझ्या आतल्या तोंडाकडून, पाण्याच्या टाकीच्या मागून, आवाज आला. इतका बारीक, की आधी मला तो माझ्याच बिजागरीचा वाटला.

पिल्लं!

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला माझी लाज वाटली. आयुष्यभर पिंजऱ्यांना नावं ठेवली, आणि मी आईला बाहेर ठेवून पिल्लं आत कोंडली होती. उघडावंसं वाटलं, पण उघडणं माझ्या हातात नाही. मला फक्त आतून ढकलता येतं आणि आतली चौघं तर अजून डोळेही न उघडलेली.

संध्याकाळी बाईंनी सरांना हाक मारली. "अहो, वर कुणीतरी रडतंय."

"खार बाहेर आहे. आता वर कुणी नाही. गोळ्यांमुळे वाजत असेल कानात."

"गोळ्या कानात वाजतात, छतात नाही."

"झोप तू," सर म्हणाले, पण स्वतःच बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

बाई झोपल्या नाहीत. खारही अंधार पडेपर्यंत गेली नाही. सकाळी आतला आवाज आणखी बारीक झाला होता. बाईंनी उशाचा फोन घेतला आणि सरांना न विचारता पिंजरेवाल्यांना लावला. "लगेच या. आणि या वेळी वर जा. काल छतात पाऊल वाजलं नव्हतं."

पिंजरेवाले आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. झाकण सरकवलं, स्टुलावर चढले, डोकं घातलं, एक हात घातला, दुसरा घातला. मग ना वर जाता येईना ना खाली येता येईना. टॉर्चच्या उजेडात मला त्यांचा लालबुंद चेहरा दिसत होता. सरांनी खालून त्यांना कमरेला धरून ओढलं तेव्हा कुठे सुटले.

"काल गेलात ते कसे मग?" सरांनी विचारलं.

पिंजरेवाले स्टुलावरून उतरले. मग म्हणाले, "नव्हतो गेलो. डोकं घातलं होतं फक्त. दोन वर्षं झाली सर, मी कुठल्याच झाकणात मावत नाही. गिऱ्हाइकाला हे सांगायचं कसं? पिंजरेवाला माळ्यावर चढत नाही म्हटल्यावर बोलावणार कोण? आजवर निभावलं. पिल्लं कुठे निघाली नव्हती."

सरांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, बघितलं नाही तर बघितलं म्हणू नका! आणि तुम्ही एवढा मोठा माणूस..."

"अहो," खोलीतून बाईंचा आवाज आला. "ओरडायचं ते नंतर ओरडा. तुम्ही मावता."

सरांनी स्टुलाकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, पायजम्याची नाडी घट्ट केली आणि चढले. सुईत दोरा जावा तसे आत गेले.

"वाशांवरच गुडघे टेका," पिंजरेवाले खालून ओरडले. "मधल्या फळीवर भार दिलात तर थेट बाईंच्या पलंगावर याल!"

"डावीकडे," बाई पलंगावरून सांगत होत्या. त्यांनी रात्रभर तेवढंच ऐकलं होतं. "आणखी पुढे. आता खिडकीच्या बाजूला. टाकीच्या मागे बघा."

सर रांगत आले. खांद्यावर जळमटं, टोपीवर धूळ. टाकीच्या मागे वाकले आणि ओरडले, "माझे नकाशे! अख्खा महासागर कुरतडलाय हिने!" शाळेतून आणलेल्या नकाशांच्या गुंडाळ्यांचा लगदा करून खारीने घरटं केलं होतं. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "चार आहेत. गार पडलीत. एक तर हलतच नाहीये."

पिंजरेवाल्यांनी हातमोजे वर फेकले. सरांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि चौघांना तिच्यात ठेवलं. एवढा दणदणीत माणूस, पण टोपी छातीशी धरून परत रांगताना पुटपुटत होता, "आलो रे, आलो."

बाईंनी आपली शेकायची पिशवी दिली. खोक्यात पिशवी, वर टोपी, टोपीत पिल्लं. पिंजरेवाल्यांनी शिडी लावली, माझे तीन स्क्रू काढून मला बाजूला फिरवलं आणि खोकं वळचणीच्या फळीवर, भोकाला लागून ठेवलं. मग दोघे अंगणात लांब जाऊन उभे राहिले. मी एका स्क्रूवर लोंबकळत होतो.

खार कुठेच नव्हती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पिंजरेवाले सारखा घाम पुसत होते. बाई खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. मी एरवी वाट बघायला सरावलेला आहे, पण ती वीस मिनिटं मला माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा मोठी वाटली.

आणि ती आली. विजेच्या तारेवरून धावत, थेट खोक्यात. पहिलं पिल्लू पोटाला धरून तोंडात उचललं, ते तिच्या मानेभोवती गुंडाळलं गेलं, आणि ती तारेवरून पलीकडच्या झाडावर गेली. तिथल्या ढोलीत तिची आणखी एक जागा होती. दुसरं नेलं. तिसरं नेलं. चौथं तेच, न हलणारं. ती त्याच्यापाशी थांबली, चाटत राहिली, नाकाने उलटं केलं, पुन्हा चाटलं. त्याने एक पाय ताणला. तिने त्याला उचललं.

सरांनी इतका मोठा श्वास सोडला की तो मला वर ऐकू आला. "सुटलो बाबा," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा काही एवढा मळलेला नव्हता.

"थांबा," पिंजरेवाले म्हणाले. "अजून एकदा येईल. तिला मोजता येत नाही, म्हणून ती खात्री करून जाते."

खरंच आली. खोकं हुंगलं, मग भोकातून आत शिरून टाकीच्या मागे गेली. पिंजरेवाल्यांनी हलक्या पावलांनी शिडी चढून मला जागेवर फिरवलं. आतून ती नकाशांच्या लगद्यात शोधत असल्याचा आवाज येत होता. शोधलं, पुन्हा शोधलं. मग ती माझ्यापाशी आली, नाकाने पट्टी ढकलली आणि मी उघडलो. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. तिथे आता तिचं काही उरलंच नव्हतं.

त्या दुपारी बाई साडेचार तास झोपल्या. सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि घंटेकडे हात नेणाऱ्या प्रत्येकाला लांबूनच डोळे वटारून परत पाठवत होते.

आठवड्याने मला काढलं आणि भोक जाळी लावून बुजवलं. आज मी पुन्हा गाडीत आहे. माझ्या पट्टीचा काठ दातांनी वाकलाय, मिटताना थोडा खडखडतो. मिस्त्री सरळ करून देतो म्हणाले होते, पिंजरेवाल्यांनी नको म्हटलं. पिंजऱ्यांशी मी आता जरा बरा वागतो. आणि पिंजरेवाले हल्ली कुठल्याही घरात शिरले की सगळ्यात आधी विचारतात, "मी काही या झाकणात मावत नाही. घरात बारीक कोण आहे?" लोक हसतात, आणि मग घरातलं कुणीतरी वर चढतं. एकाही घराने त्यांना अजून परत पाठवलेलं नाही.

उद्या तुमच्याकडेही मी येईन कदाचित. तेव्हा माझं एवढं ऐका. मला लावण्याआधी कुणीतरी वर जाऊन बघा. आणि जाता येत नसेल, तर तसं सांगा.